उशाकडची बाजू

मंडळी, पांढरकवड्यात आज सिंगल बेडला गुबगुबीत हेडबोर्ड बसवणं तासाभराचं काम आहे. फळीच्या पट्ट्या पलंगाच्या भोकांसमोर आणायच्या नि नट-बोल्ट आवळायचे. फक्त आधी गादी ठेवून उंची बघा, नाहीतर अर्धं कापड गादीमागंच लपतं!

पण जुनी बाज आठवा. तिची कामाची बाजू पायथ्याची. सैल पडली की तिथलीच दोरी ओढायची. उशाला काहीच नाही, म्हणून बाज कशीही फिरे. उन्हाळ्यात अंगणात, पावसात पडवीत. उत्तरेकडे डोकं नको, तर उशी उचलून दुसरीकडे टाकली, झालं. हेडबोर्ड आला आणि पलंगाची दिशा ठरली, भिंतही ठरली.

टेकायला आपल्याकडे लोड-तक्के होतेच की. आत कापूस, आणि हा तर कापसाचा मुलूख! गोळे झाले की शिवण उसवायची, पिंजारी पिंजणीवर कापूस मोकळा करून परत भरून देई. हेडबोर्डात मात्र फोम. पॉलियुरेथेन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधलं, त्याचंच हे रूप. तो दबला की पिंजून चालत नाही, बदलावाच लागतो. पिंजाऱ्याचं काम तिथं संपलं.

आता त्या फळीवरची बटणं बघा. उभ्या गादीत कापूस नाहीतर घोड्याचे केस भरले तर ते खाली सरकतात. ते जागच्या जागी राहावेत म्हणून आरपार टाके नि वर बटण. फोम सरकत नाही. बटणं तेवढी राहिलीत.