अधिकाराविना गुरुपद

बेसबॉलच्या खेळात शिकविणाऱ्यास प्रत्यक्ष मैदानात उभे राहण्याचा मान असतो. धावणाऱ्या गड्याची पाठ पुष्कळदा चेंडूकडे असते. चेंडू कोठे पडला, तो कोणाच्या हाती गेला, हे त्यास दिसत नाही. म्हणून पहिल्या व तिसऱ्या बेसजवळ त्याच्या पक्षाचा एकेक कोच उभा राहतो. कोचाने तळहात दाखविला की थांबावयाचे, हात फिरविला की सुटावयाचे. धावणाऱ्याने क्षणभर दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावयाचे असते. अशा जागी ज्याला उभे करावयाचे, त्याच्यावर संघाचा पूर्ण भरवसा हवा. हाच भरवसा बक ओनील यांच्या वाट्यास कसा आला नाही, हे त्यांच्या चरित्रातील मुख्य प्रकरण होय.

जॉन जॉर्डन ओनील यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९११ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा संस्थानात कॅराबेल या गावी झाला. बाळपण सरसोटा येथे गेले. तेथे सेलरी नावाच्या भाजीचे विस्तीर्ण मळे होते. त्यांत मजुरी करून ते वाढले. गावचे हायस्कूल केवळ गोऱ्या मुलांसाठी असल्यामुळे पुढील शिक्षणाकरिता त्यांस जॅक्सनविल येथील एडवर्ड वॉटर्स कॉलेजात जावे लागले. ज्या हायस्कुलाने त्यांस दार बंद केले होते, त्यानेच १९९५ साली त्यांस सन्मानपूर्वक प्रशस्तिपत्र दिले. तेव्हा ओनील त्र्याऐंशी वर्षांचे होते.

खेळाच्या क्षेत्रातही तीच भिंत उभी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या व्यावसायिक संघांनी कृष्णवर्णीयांस वगळले होते. त्यामुळे त्यांनी आपले स्वतंत्र संघ काढले आणि १९२० साली कॅन्सस सिटी येथे निग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. त्याच शहराच्या मोनार्क्स या नामांकित संघात ओनील १९३८ साली दाखल झाले व पहिल्या बेसवर खेळू लागले. युद्धकाळात त्यांनी आरमारात नोकरी केली. ते परतल्यावर लवकरच काळ पालटला. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि अर्धशतकाहून अधिक काळची बंदी मोडली. रॉबिन्सन १९४५ साली मोनार्क्सकडूनच खेळला होता. परंतु ओनील यांस आता छत्तिसावे वर्ष लागले होते. दार उघडले, तेव्हा त्यांचे आत शिरण्याचे वय सरत आले होते.

१९४८ साली ते मोनार्क्सचे व्यवस्थापक झाले. हे काम मोठे चमत्कारिक होते. उत्तमोत्तम तरुण मोठ्या संघांकडे जात, त्यांच्यामागे प्रेक्षकही जात, आणि निग्रो लीग दिवसेंदिवस क्षीण होई. ज्याला घडवावयाचे तो लवकरच सोडून जाणार, हे ठाऊक असूनही ओनील त्याला घडवीत राहिले. एर्नी बँक्स हा १९५३ साली शिकागो कब्ज संघात गेला. एल्स्टन हॉवर्ड हा १९५५ साली न्यू यॉर्क यांकीज संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. दोघेही ओनील यांच्या हाताखालून गेलेले होते.

पुढे शिकागो कब्जने त्यांस होतकरू मुले हुडकण्याच्या कामावर नेमले. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतून हिंडून त्यांनी लू ब्रॉकसारखा धावपटू हेरला. नंतर, २९ मे १९६२ रोजी, कब्जने त्यांस कोच केले. मोठ्या लीगमध्ये कोच झालेला हा पहिला कृष्णवर्णीय. त्या वेळी कब्जच्या मालकांचा एक विलक्षण प्रयोग चालू होता. एकच व्यवस्थापक न नेमता अनेक कोचांपैकी कोणातरी एकाने पाळीपाळीने संघ चालवावा, अशी ती योजना होती. मोनार्क्सचे नेतृत्व केलेल्या ओनील यांची पाळी मात्र कधीच आली नाही. ह्यूस्टन येथील एका सामन्यात पंचांनी कब्जच्या दोन कोचांस मैदानाबाहेर घालविले. आता तरी ओनील तिसऱ्या बेसजवळ जातील, अशी अपेक्षा होती. परंतु गोलंदाजांस शिकविणाऱ्या दुसऱ्या कोचास दूरच्या जागेवरून बोलावून आणण्यात आले. त्या वर्षी कब्जने १०३ सामने गमावले. इतके पराभव पदरी घेतले, परंतु घरातील अनुभवी माणसाचा उपयोग केला नाही. पद दिले आणि पदाचे काम दिले नाही. उघड बंदीपेक्षा ही रीत सौम्य दिसते. परंतु तिच्याविरुद्ध तक्रार करणे अधिक कठीण असते. मोठ्या लीगमधील पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक नेमला जाण्यास १९७४ साल उजाडावे लागले.

ओनील कटुता न धरता पुन्हा मुले हुडकण्याच्या कामास लागले. १९९० साली कॅन्सस सिटी येथे निग्रो लीगचे वस्तुसंग्रहालय स्थापन झाले, आणि विस्मृतीत गेलेल्या सोबत्यांच्या कथा सांगणे हे त्यांचे जीवितकार्य झाले. २००६ साली एका खास समितीने जुन्या निग्रो बेसबॉलमधील सतरा व्यक्तींची कूपर्सटाऊनच्या सन्मानमंदिरासाठी निवड केली. त्यांत ओनील यांचे नाव नव्हते. निवडलेल्यांपैकी एकही हयात नव्हता. त्यांच्या वतीने समारंभात बोलावयास उभे राहिले ते ओनीलच. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ६ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

जुलै २०२२ मध्ये सन्मानमंदिरात त्यांचे नाव लागले. त्यांच्या हाताखाली खेळलेला बँक्स तेथे १९७७ सालीच पोचला होता. त्यांनी हेरलेले ब्रॉक व ली स्मिथ हे अनुक्रमे १९८५ व २०१९ साली पोचले. शिष्य अगोदर गेले, गुरु मागाहून. आणि तोही आपल्या पश्चात.