विजयदुर्ग खाडीचा गाळ आणि संगतीचा गुण

तळेऱ्याला विजयदुर्गाकडून येणारा रस्ता मुंबई–गोवा महामार्गाला भेटतो आणि पुढे गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरकडे चढतो. किनारा आणि घाटमाथा यांच्यातला व्यापार पूर्वी जवळच्या, विजयदुर्ग खाडीवरच्या खारेपाटणच्या बंदरावर चालत असे. शके ९३०च्या, म्हणजे इ.स. १००८च्या ताम्रपटात शिलाहार राजा रट्टराजाने परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने देवस्थानाला लावून दिल्याची नोंद आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि मोठी गलबते वर येईनाशी झाली. बंदर बुडवणारा म्हणून या गाळाला आपण ओळखतो. पण खाडीवरच्या प्रत्येक काळातल्या धंद्याचा अंश त्यातच उतरला, आणि आधी उतरलेल्या अंशांनी मागाहून आलेल्यांचे वागणे बदलले. म्हणून प्रदूषकांचा हिशेब एकेकटा मांडला तर तो चुकतो, असे माझे म्हणणे आहे.

जहाजाच्या तळाला लावायच्या लेपाचाच इतिहास पाहू. लाकडी तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, किडे लाकूड पोखरतात. त्यासाठी गलबते कोरडी करून तळ खरवडायचा आणि राळ, चुना, माशाचे तेल यांचा लेप द्यायचा, ही जुनी पद्धत. विजयदुर्गाजवळच्या गिर्ये येथील आंग्रेकालीन गोदी अशाच डागडुजीची साक्ष आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. १९६०नंतर ट्रायब्युटिलटिन या कथिलयुक्त विषाचे रंग जगभर पसरले. त्यांनी फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरातल्या कालवांची वाताहत केली, तेव्हा १९८२मध्ये तिथे लहान बोटींना हे रंग लावण्यावर बंधने आली. २००१च्या आंतरराष्ट्रीय कराराने हे रंग मोडीत काढले आणि तो करार २००८मध्ये अमलात आला. त्यांची जागा घेतली तांब्याच्या रंगांनी, आणि त्यांत डाययुरॉनसारखी सेंद्रिय विषे मिसळली गेली. जिथे यांत्रिक बोटी लागतात तिथे डिझेल, वंगण आणि धुण्याचा साबणही पाण्यात जातो.

तेलकट सेंद्रिय पदार्थ गाळाला किती चिकटतात हे मुख्यतः गाळातल्या सेंद्रिय कर्बावर ठरते, हे १९७९मध्ये कॅरिकहॉफ आणि सहकाऱ्यांनी दाखवले. कोकणच्या खाड्यांत हा कर्ब कांदळवनाच्या कुजलेल्या पानांतूनही येतो आणि जांभ्याच्या लोहयुक्त मातीला बिलगून राहतो. आता त्यात तांबे आले की ते कुजलेल्या पदार्थातल्या आम्लगटांना धरते. कधी ट्रायब्युटिलटिनची जागा अडवून त्याला पाण्यात ढकलते, तर कधी मातीचा कण आणि सेंद्रिय रेणू यांच्यामध्ये पूल होऊन रेणूला अधिक घट्ट बांधते. तेलाचा थर अशा विषांना मुरायला नवी जागा देतो. साबण थोडा असेल तर कणांवर बसून चिकटणे वाढवतो, फार झाला तर तेलकट रेणू उचलून पाण्यात आणतो. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला गुण लागतो, तसेच विषाचेही आहे.

कोणी म्हणेल, पावसाळ्यातला लोंढा सारे समुद्रात नेतो. पण तोच लोंढा बारीक मातीही आणतो, आणि गोडे पाणी खाऱ्याला मिळते तिथे ते कण गुठळ्या होऊन तळाशी बसतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाळात अडकलेले विष जिवांच्या तोंडी कमी लागते, मग चिंता कशाला? हे अंशतः खरे आहे. पण अडकणे संगतीवर अवलंबून असेल तर संगत बदलताच ते सुटते. खाडी उपसली की प्राणवायूविना गंधकाशी बांधलेले तांबे हवेच्या संपर्काने मोकळे होते आणि जुना तोल ढळतो. प्रत्येक मिश्रण तपासणे अशक्य आहे, हा तिसरा आक्षेप मला मान्य आहे. मात्र सगळी मिश्रणे तपासण्याची गरजच नाही. कुठल्या खाडीत कोणती विषे एकत्र आली हे तिथल्या धंद्यांचा इतिहास सांगतो. त्यामुळे उपसा करण्याआधी एकाच नमुन्यात तांबे, तेल, रंगातली विषे आणि सेंद्रिय कर्ब मोजणे हा किमान नियम असला पाहिजे, आणि काय मोजायचे ते ठरवताना रसायनतज्ज्ञाशेजारी इतिहासकार आणि खाडीवरचा जुना मच्छीमार बसला पाहिजे.