ब्रिटनमध्ये खारींची शिकार का होते? आणि मारलेल्या खारीचं पुढे काय होतं?

एअर रायफलने खार टिपायची, सोलायची आणि तिचा रस्सा करायचा. ब्रिटनमधले असे व्हिडिओ पाहून अनेकांना धक्का बसतो. पण तिथे मारली जाते ती करडी खार, आणि तिला मारण्यामागे मोठं कारण आहे. काय आहे ते? जाणून घेऊया.

करडी खार नकोशी का?

करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७६ मध्ये इंग्लंडच्या चेशायरमध्ये ती शोभेसाठी सोडण्यात आली आणि बघता बघता पसरली. ब्रिटनची मूळची खार लाल. २०१८ च्या अंदाजानुसार तिथे करड्या खारी सुमारे २७ लाख, तर लाल खारी तीन लाखांपेक्षाही कमी होत्या. करड्या खारी अन्न आणि जागा बळकावतात. शिवाय त्यांच्यामार्फत पसरणारा खारींचा पॉक्स विषाणू लाल खारींसाठी बहुतेकदा जीवघेणा ठरतो, करड्यांना मात्र त्याचा फारसा त्रास होत नाही. त्या ओक आणि बीचसारख्या झाडांची सालही सोलतात.

एअर रायफलच का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पाउंडपर्यंत ताकदीच्या एअर रायफलसाठी प्रौढांना परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या अखेरपासून तो सक्तीचा आहे. दोन्हीकडे जमीनमालकाची परवानगी हवीच. या रायफलची ताकद कमी असल्याने नेम थेट डोक्यावर आणि जवळून धरावा लागतो. नेम चुकला तर खार जखमी होऊन तडफडते. आई मारली गेली तर घरट्यातली पिल्लं उपाशी मरतात. त्यामुळे विणीच्या काळात शिकार करावी का, यावर तिथे वाद आहे. लाल खारीला मात्र १९८१ च्या कायद्याने संरक्षण आहे. म्हणून छर्रा सोडण्याआधी समोरची खार कोणती, हे ओळखता आलंच पाहिजे.

मारलेल्या खारीचं काय करतात?

‘जीव घेतलाच आहे, तर तो वाया जाऊ नये’ असं मानणारे शिकारी जवळजवळ प्रत्येक भाग वापरतात.

मांस: एका खारीचं वजन साधारण अर्धा किलो. सोलून, साफ करून हाती येणारं मांस थोडंच, त्यातही जास्त मांस मागच्या पायांवर. चरबी कमी असल्याने ते मंद आचेवर बराच वेळ शिजवतात. छर्रे शिशाचे असू शकतात, म्हणून जखमेभोवतीचा भाग कापून टाकतात.

हाडं: उकळून त्यांचं सूप काढतात.

कातडं: कमावून त्याच्या छोट्या पिशव्या किंवा हातमोज्यांचं अस्तर करतात.

शेपटी: मासेमारीच्या गळाला लावायच्या कृत्रिम माश्या बनवायला तिचे केस वापरतात. अमेरिकेतली मेप्स ही गळ बनवणारी कंपनी शिकाऱ्यांकडून शेपट्या घेते. आपल्याकडेही लघुचित्रांच्या बारीक कुंचल्यांसाठी खारीच्या शेपटीचे केस वापरण्याची जुनी परंपरा होती.

सोलताना हातमोजे घालतात आणि काळीज तपासतात. त्यावर डाग किंवा गाठी दिसल्या तर ती खार खात नाहीत.

शिकारीने प्रश्न सुटतो का?

एका जंगलातल्या खारी मारल्या, तरी शेजारच्या जंगलातून नव्या येतात. त्यामुळे ही मोहीम सतत आणि मोठ्या परिसरात चालवावी लागते. आयर्लंडमध्ये वेगळंच चित्र दिसलं. पाइन मार्टन हा झाडांवर चढणारा शिकारी प्राणी जिथे परतला, तिथे करड्या खारी घटल्या आणि लाल खारी पुन्हा दिसू लागल्या.

हे भारतात करता येईल का?

नाही. ब्रिटनमधली करडी खार ही बाहेरून आलेली आहे, आपला शेकरू इथलाच आहे. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून भीमाशंकर अभयारण्य त्याच्यासाठीच ओळखलं जातं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याची शिकार हा गुन्हा आहे. कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, याचा अर्थ तिने वन्यप्राणी मारायला मुभा आहे असा होत नाही. त्यामुळे परदेशातला व्हिडिओ पाहून इथे तसा प्रयोग केला, तर थेट तुरुंगाची हवा खावी लागू शकते.