पाहुण्याला गोंड गाव दाखवताना

दिवाळीच्या सुमारास आदिलाबादेतल्या मराठी घरी पाहुणे आले की एक मागणी ठरलेली असते: आम्हाला गुसाडी दाखवा. मग आपण त्यांना उटनूरच्या डोंगराकडे, बहुधा मार्लवाईला नेतो. हे गाव 2016 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, आता ते आसिफाबादेकडे आहे. पाहुणे मोरपिसांचे टोप पाहतात, ढोल ऐकतात आणि परततात. वाटाड्या म्हणून आपण त्यांना काय सांगतो, याचा विचार या निबंधात करायचा आहे.

पहिली गोष्ट अशी की दंडारी हा मुळात पाहुणचाराचाच सण आहे. एका गावाचे पथक दुसऱ्या गावी नाचत जाते, यजमान गाव त्यांना उतरवून घेते, जेवू घालते. त्या घरोब्यात सोयरिकीचे धागे असतात. आपला पाहुणा त्या अंगणात तिसरा असतो. म्हणून आधी गावच्या पटलाला भेटून परवानगी घ्यावी, देवस्थानाजवळ विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

दुसरी गोष्ट प्रधानांची. गोंडांच्या कुळकथा, चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे या शाखांची उत्पत्ती, हे सारे प्रधान लोक किकरी वाजवून गातात. गातात गोंडीत; मात्र या भागातल्या प्रधानांच्या घरची बोली मराठी आहे. गोंडांचा इतिहास ज्यांच्या मुखी टिकला, ते घरी आपलीच भाषा बोलतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? गावाचा खरा वाटाड्या तोच. त्याला बोलते करावे आणि आपण दुभाष्याचे काम करावे.

आता अवघड भाग. 1940 साली जोडेघाटला कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडले. त्यामागे जमिनीचे दुखणे होते. जंगल राखीव झाले, पोडूची शेती गुन्हा ठरली आणि पट्टे मात्र खालून आलेल्या शेतकऱ्यांच्या व सावकारांच्या नावे चढत गेले. त्या आलेल्यांत तेलुगू होते तसे मराठी कुणबीही होते. आपल्या जुन्या पहाणीत हा इतिहास नोंदलेला आहे. पाहुण्याला निजामाचा जुलूम सांगून थांबणे सोयीचे असते, पण ती गोष्ट अर्धीच राहते.

भीमांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांना गोंडांची स्थिती पाहण्यास पाठवले. ते पत्नी बेट्टींसह मार्लवाईत झोपडी बांधून राहिले. त्यांच्या अहवालांनंतर अनेक गोंड कुटुंबांना पट्टे मिळाले आणि 1943 मध्ये मार्लवाईतच गोंड शिक्षक घडवणारे केंद्र सुरू झाले. त्या शाळांची गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली. या मुलखात मराठीचा वावर असल्यामुळे ती लिपी जवळची होती. गोंडीची स्वतःची लिपीही होती: नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी तिची हस्तलिखिते सापडली आणि 2018 मध्ये तिला युनिकोडात स्थान मिळाले.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. बाकीचा जिल्हा आंध्रात राहिला. सोयरे सीमेपलीकडे गेले, आपण इथे अल्पसंख्य झालो. तेव्हापासून आपल्या भाषेची, शाळांची काळजी आपण वाहतो, आणि ती रास्त आहे. पण सरकारी कागदात आपली भाषा नसणे म्हणजे काय, हे गोंड आपल्या आधीपासून जाणत आले. जमिनीचा प्रश्नही मिटला नाही. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत त्याच मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. तिथला स्तूप केसलापूरच्या नागोबा जत्रेपासून फार लांब नाही.

मार्लवाईत बेट्टींची समाधी आहे. 1987 मध्ये त्या वारल्या. हायमेंडॉर्फ 1995 मध्ये लंडनला वारले आणि 2012 मध्ये त्यांच्या अस्थीही तिथेच आणून ठेवल्या गेल्या. दूर देशातून आलेल्या दोघांना गावाने आपल्या मातीत जागा दिली, कारण ते येऊन ऐकत बसले. आपण तर डोंगराच्या पायथ्याशीच पिढ्यान् पिढ्या राहतो. पुढच्या दिवाळीत पाहुणे नेताना गुसाडीचे टोप दाखवावेतच. मात्र किकरीजवळ थोडे बसावे, आणि जमिनीची गोष्ट निघाली तर आपला वाटा वगळू नये.