कार्डं दोन, सांगणारा कुणी नाही

सोलापूरच्या पूर्वभागात विडी वळणाऱ्या आजींकडं विडी कामगाराचं ओळखपत्र असतं, यंत्रमागावर राबलेल्या आजोबांकडं ईएसआयचं, म्हणजे राज्य कामगार विम्याचं, कार्ड असतं आणि दोघांकडं आयुष्मान. त्यामुळं एक समज रूढ झाला आहे: म्हाताऱ्यांची काळजी मिटली, एक कार्ड नाही चाललं तर दुसरं चालेल, आणि अडलंच तर रुग्णालयात योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र असतो, निराळा सल्लागार कशाला?

या समजाला आधार आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले योजना झाली आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत जनआरोग्य योजनेशी जोडली गेली. पैशाअभावी रखडलेल्या शस्त्रक्रिया तिच्यामुळं झाल्या, हे कुणीही नाकारू नये.

पण ‘एक नाही तर दुसरं’ हे गृहीतकच टिकत नाही. फुले आणि आयुष्मान योजना मुख्यतः भरती झाल्यावरच्या, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहेत. रक्तदाबाची, साखरेची रोजची गोळी त्यांतून मिळत नाही. ती ईएसआयच्या दवाखान्यात मिळते. आणि इथंच मोठं नुकसान होतं. किमान पाच वर्षं विमाधारक राहून नियत वयात निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी ही सेवा चालू ठेवता येते. कामावर असताना कायमचं अपंगत्व आलेल्यालाही अशीच तरतूद आहे. नोकरी सुटली म्हणजे कार्ड संपलं, असं समजून माणसं ते ट्रंकेत टाकतात आणि औषधं दुकानातून विकत घेतात.

सत्तरीपुढच्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वयवंदना कार्ड आलं. घरात आधीच आयुष्मान असलं, तरी ज्येष्ठांना वेगळे पाच लाख मिळतात. मात्र त्यासाठी नव्यानं अर्ज आणि केवायसी करावी लागते. जुनं कार्ड आपोआप बदलत नाही. ईएसआय किंवा खासगी विमा असणाऱ्यालाही ते घेता येतं. माजी सैनिकाला मात्र ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना किंवा वयवंदना यांतलं एकच निवडावं लागतं. ही निवड करताना त्याच्याशेजारी कोण बसतं?

दिव्यांगांची गुंतागुंत आणखी वेगळी. यूडीआयडी हे ओळखपत्र आहे, विमा नव्हे. निरामय योजनेचं एक लाखाचं संरक्षण फक्त स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना आहे. अपघातात पाय गमावलेल्या कामगाराला ते नाही. शिवाय त्यात खर्च आधी आपण करायचा आणि बिलं नंतर पाठवायची.

आरोग्यमित्राचा दोष नाही. तो एका योजनेचा माणूस आहे आणि भेटतो तो आजार दारात आल्यावर, रुग्णालयात. सल्ला त्याआधी हवा. अमेरिकेनं १९९० च्या कायद्यानं मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा असलेल्या वृद्ध व दिव्यांगांसाठी मोफत सल्ल्याची राज्यवार व्यवस्था उभी केली. तिथले प्रशिक्षित सल्लागार कोणताही विमा विकत नाहीत, म्हणून त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो. आपल्याकडं त्याहून अवघड काम आहे. पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड बोलणारा माणूस लागेल. विडी वळून बोटांचे ठसे झिजलेल्या बाईचं आधार यंत्रानं ओळखलं नाही, तर ओटीपी किंवा चेहऱ्याची पडताळणी मागणारा लागेल. म्हणजे हे काम फलक लावून होणारं नाही.

शासकीय रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक, महापालिकेची आरोग्य केंद्रं, विडी कामगारांच्या संघटना आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांनी मिळून प्रत्येक पेठेत आठवड्यातून एक दिवस असा सल्लागार बसवावा, ही माझी मागणी आहे. तोवर वाचकांनी एवढं करावं: घरातल्या वृद्धांची सगळी कार्डं आजच बाहेर काढा, वयवंदना आहे का ते पाहा आणि ईएसआयचं जुनं कार्ड असेल, तर निवृत्तीचा पुरावा घेऊन ईएसआयच्या कार्यालयात १२० रुपयांबद्दल विचारा.