वही कुणाच्या हातात?

आजचा विषय आहे हिशेबाचं सॉफ्टवेअर. बऱ्याच गटांपुढे सध्या हा प्रश्न आहे. हळद, मसाला, डाळ, दूध, अंडी यांची विक्री वाढली, उधारी वाढली, आणि शंभर पानी वही पुरेनाशी झाली. कुणी म्हणतं मोबाईलवर अॅप घ्या, कुणी म्हणतं कॉम्प्युटरवर टॅली टाका, कुणी म्हणतं वहीच बरी. यातलं काय घ्यायचं हे ठरवण्याआधी दीडशे वर्षं मागं जाऊन येऊ. हिशेबाच्या वहीवरून आपल्याच मुलखात एकदा आग लागली होती, आणि त्या आगीतून निघालेले नियम आज सॉफ्टवेअर निवडतानाही उपयोगी पडतात.

साल १८७५, मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजार. हे सुपे आज बारामती तालुक्यात येतं. त्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. त्यांनी मागितली खतं आणि हिशेबाच्या वह्या. मिळाल्या त्या रस्त्यात आणून जाळल्या. पुढच्या काही दिवसांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं दिले, तिथं त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. यालाच इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात.

त्याआधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं एका सावकारावर बहिष्कार टाकला होता. त्याच्या दुकानातून कुणी काही घेईना, न्हावी त्याची दाढी करीना, परीट कपडे धुईना. म्हणजे आधी गावानं शांतपणे सांगून पाहिलं होतं.

आता विचार करा, लोकांनी कागदच का जाळले? सावकाराच्या घरात धान्य होतं, कापड होतं. पण शेतकऱ्याचा जीव अडकला होता तो वहीत.

झालं होतं असं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव पडला, कर्ज तेवढं राहिलं. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. सावकारांनी नवं कर्ज देणं बंद केलं आणि जुन्याची वसुली लावली.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा होता. त्याप्रमाणे कर्जाचं खत तीन वर्षंच चालायचं. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा त्यामागचा हेतू. पण सावकारानं त्यातून वेगळीच वाट काढली. दर तीन वर्षांनी तो जुनी मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवं खत लिहून घ्यायचा. समजा कर्ज १०० रुपये आणि व्याज दरमहा शेकडा २. तीन वर्षांचं व्याज झालं ७२. नवं खत १७२ चं. आता व्याज १७२ वर. सहा वर्षांनी २९५ च्या वर, नऊ वर्षांनी ५०८ च्या वर, बारा वर्षांनी ८७५ रुपये. दंग्यांनंतर सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच्यापुढे एक प्रकरण असंही आलं की १०० रुपयांच्या कर्जावर सावकारानं २००० रुपयांहून जास्त व्याज लावलं होतं.

शेतकऱ्यांच्या तक्रारी काय होत्या, त्या नीट ऐका. पैसे फेडले तरी पावती मिळत नाही. घेतलेल्या रकमेपेक्षा मोठा आकडा खतात लिहिला जातो. पीक घालायचं आपण, त्याचा भाव ठरवून वहीत जमा करायचा सावकारानं. आणि वही असते त्याच्या पेटीत, मोडी अक्षरात. ज्याला वाचता येत नाही त्यानं फक्त अंगठा उठवायचा.

दंग्यांनंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याचं खत आता गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच व्हायला हवं होतं. कोर्टाला खतावरच्या आकड्यावर न थांबता मागचा सगळा व्यवहार पहिल्यापासून उकरून बघता येऊ लागला. आणि हिशेबापुरते तीन हक्क मिळाले. पैसे दिले की लेखी पावती. दरवर्षी हिशेबाचा उतारा. आणि मागितलं तर पासबुक, ज्यात सावकारानं वेळोवेळी हिशेब मांडून द्यायचा आणि जे शेतकऱ्याच्या घरी राहील.

सख्यांनो, पासबुक हा शब्द आज आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्यामागचं मोल ध्यानात येत नाही. हिशेबाची एक प्रत आपल्या घरात असणं, हा हक्क मिळायला वह्या जळाव्या लागल्या.

पण कायद्यानं प्रत दिली, वाचता येणं दिलं नाही. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. सावकाराच्या वहीऐवजी संस्थेची वही आली, तिचं ऑडिट होऊ लागलं. तरी १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांमागे नऊजणींनासुद्धा लिहितावाचता येत नव्हतं. घरात पासबुक आलं तरी ते कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

बाईच्या हातात वही आली ती बचत गटांमुळे. नाबार्डनं १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला. पुढे गटांची पंचसूत्री ठरली, ती तुम्हाला पाठच आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पाचवं सूत्र हिशेबाचं. ते नसेल तर आधीची चारही सूत्रं फक्त बोलण्यात राहतात.

"बायांना हिशेब जमत नाही" असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांना म्हसवडची गोष्ट सांगा. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात चेतना सिन्हा आणि गावातल्या बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बाया लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनीही कॅल्क्युलेटर न घेता करून दाखवावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. डोक्यात हिशेब होताच. कमी होती ती तो कागदावर आपल्या नावानं मांडायची.

आता कागदाची जागा यंत्र घेत आहे. टॅली हे सॉफ्टवेअर बेंगळुरूच्या एका बाप-लेकानं १९८६ मध्ये आणलं आणि ते तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोचलं. २०१५ मध्ये नाबार्डनं गटांच्या नोंदी संगणकावर घेण्याचा ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. पहिल्या दोन जिल्ह्यांत एक झारखंडचा रामगड होता, दुसरा आपला धुळे. हातातल्या मोबाईलवरही उधारी लिहायची अॅप आली.

यंत्र काय करतं? आपली जुनी रोजकीर्द आणि खतावणीच करतं. रोजकीर्दीत दिवसाचं जमा-नावे लिहायचं आणि मग ते ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायचं. माणूस हे हातानं करायचा, यंत्र एका नोंदीत दोन्ही करतं. आपल्याला त्याची गरज आहे का, हे एका उदाहरणानं बघू.

समजा गटानं १०० किलो हळकुंड १५,००० रुपयांना घेतलं. दळण आणि पिशव्यांना २,१०० लागले. पावडर निघाली ९५ किलो. म्हणजे किलोला खर्च १८० रुपये. विकली ८० किलो, २२० रुपयांनी. त्यातली ५५ किलो रोखीनं, २५ किलो उधारीवर. पेटीत आले १२,१००. खर्च झाला १७,१००. पेटी बघणारी म्हणेल, पाच हजारांचा खड्डा पडला, बंद करा हा धंदा. पण ५,५०० येणं आहे आणि २,७०० रुपये खर्चाची १५ किलो पावडर घरात आहे. तिन्ही मिळून बेरीज करा, खर्च वजा करा, ३,२०० रुपये फायदा दिसतो. आणि अजून थांबा. हळद निवडली, पिशव्या भरल्या, त्या बायांची मजुरी यात कुठेच नाही. ती लिहिली तर फायदा उरतो का, हे कळेल. ज्या वहीत बाईची मजुरी लिहिली जात नाही, त्या वहीतला फायदा खरा नाही.

म्हणून जे घ्याल त्यात रोख, उधारी, शिल्लक माल आणि मजुरी या चारही गोष्टी मांडता आल्या पाहिजेत. नुसती बचत आणि अंतर्गत कर्ज असेल तर वही पुरते. नुसती उधारी सांभाळायची असेल तर मोबाईलचं साधं अॅप चालेल. माल घेऊन, प्रक्रिया करून विकत असाल तर पूर्ण हिशेबाचं सॉफ्टवेअर लागेल. जीएसटीच्या बिलांची सोय हवी की नको, हे आधी गटाच्या ऑडिटरला विचारा. नको असेल तर त्याचे पैसे भरू नका.

त्यानंतर मात्र शेतकऱ्यांच्या त्या जुन्या तक्रारी घेऊन बसा आणि विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा.

पहिला, आम्हाला वाचता येईल का? पडद्यावर मराठी हवी. इंग्रजीत आलेला ताळेबंद अंगठा उठवणाऱ्या आजीसाठी मोडीसारखाच.

दुसरा, पावती आणि उतारा मिळेल का? पैसे भरणाऱ्या प्रत्येक सखीला त्याच दिवशी पावती आणि मागेल तेव्हा तिच्या खात्याचा उतारा छापून मिळाला पाहिजे.

तिसरा, लिहिलेलं गुपचूप बदलता येतं का? इथं नवा कायदा कामाला येतो. २००२ च्या दुरुस्तीनं शेतकरी उत्पादक कंपनी कायद्यात आली, ती कंपनीच असते. १ एप्रिल २०२३ पासून कोणतीही कंपनी हिशेबाला सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिलीच पाहिजे, आणि ही सोय बंद करता येता कामा नये. बचत गटाला हे बंधन नाही. पण चांगली गोष्ट मागायला बंधन कशाला हवं? खतातला आकडा वाढवणाऱ्यावर तेव्हा असा पहारा नव्हता, आज मिळतो आहे.

चौथा, वही आमच्या घरी राहील का? अॅप बंद पडलं, वर्षाचे पैसे भरायचे राहिले, कंपनी बुडाली, तर आमच्या नोंदी बाहेर काढता येतील का? येत नसतील तर ती वही पुन्हा दुसऱ्याच्या पेटीत गेली.

याच्याच पोटात आणखी एक प्रश्न आहे, तो विकणाऱ्याला नाही, आपल्याला विचारायचा. मोबाईल कुणाचा? ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो? नवऱ्याच्या, मुलाच्या की दुकानदाराच्या? ज्याच्या नंबरवर ओटीपी, त्याच्या हातात वही. नंबर गटाचा ठेवा. नोंदी करणारी एक आणि तपासणारी दुसरी ठेवा, आणि वर्षभरानं पाळी बदला. गावात एकाच शिकलेल्या पोरीला सगळं येत असेल, तर ती लग्न होऊन गेली की गटाचा हिशेबही तिच्याबरोबर जाईल.

घाई करू नका. तीन महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवा. महिनाअखेरीला दोन्हींची शिल्लक जुळते का बघा. जुळली, आणि गटातल्या निम्म्या जणींना तरी ती पडद्यावर दाखवता आली, तरच पुढे जा.

येत्या बैठकीत एवढंच करा. गटाची आजची वही मध्ये ठेवा आणि एकेकीला तिचं स्वतःचं खातं शोधून वाचायला सांगा. कितीजणींना ते जमतं, ते मोजा. सॉफ्टवेअर निवडायला बसाल तेव्हा हा आकडा समोर असू द्या.