एपीटी
संख्यात्मक नियंत्रणावर चालणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिण्याची संगणकीय भाषा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली १९५६ पासून ती विकसित झाली; १९५९ मध्ये तिच्या प्रात्यक्षिकात ॲल्युमिनियमचा ॲशट्रे कापून दाखवला. प्रोग्रामर भागाच्या आरेखनातील बिंदू, रेषा, वर्तुळ यांना नावे देतो आणि त्यांच्या कडेने टूल डावीकडे, उजवीकडे वा पुढे न्यायला सांगतो. टूलच्या त्रिज्येचा हिशेब संगणक करतो. वक्र पृष्ठांसाठी असंख्य बिंदू हाताने मोजण्याचे कष्ट वाचले, हेच तिचे खरे मोल. संगणकाने काढलेला टूलचा मार्ग पोस्टप्रोसेसर हा वेगळा प्रोग्राम त्या-त्या यंत्राच्या कोडमध्ये उतरवतो. पुढे कॅम (संगणक-साहाय्यित उत्पादन) सॉफ्टवेअरने तिची जागा घेतली. आयटीआयचे (औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे) टर्नर, मशिनिस्ट आज थेट यंत्राचा कोड, म्हणजे जी-कोड शिकतात : जी०१ म्हणजे सरळ कापणी, जी०२ म्हणजे घड्याळाच्या दिशेने कंस.